न्यू गेम नाही, फक्त कंटिन्यू

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना घातलेले शंभरेक 'म्हणजे' काढलेत, बाकी जसंच्या तसं ठेवलंय. शेवटाकडे स्पॉयलर आहेत. ते सुरू होण्याआधी तसं सांगितलंय.)

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर खिडकीशी बसा, घरी असाल तर भांडी घासता घासता ऐका. आज पत्त्यांबद्दल बोलायचंय. तीन पत्ती, रमी वगैरे नाही, पण त्यांच्यावरही गाडी येणारच आहे, कारण माझी प्रत्येक गाडी शेवटी कोकणात जाते हे आता तुम्हाला माहितीये.

गेमचं नाव इन्स्क्रिप्शन. पहिल्यांदा सुरू केला तेव्हा मला वाटलं माझं डाउनलोडच गंडलंय. मेनू येतो, आणि त्यात 'न्यू गेम' दाबताच येत नाही. चालतं ते फक्त 'कंटिन्यू'. अरे, मी आत्ता तर इन्स्टॉल केला! कंटिन्यू काय करू? कोणी अर्धवट सोडलेला डाव मी पुढे खेळतोय का? मी दोनदा बंद करून पुन्हा चालू केला. शेवटी कंटिन्यू दाबलं. अंधार. समोर टेबल. टेबलापलीकडे दोन डोळे. चेहरा नाही, हात दिसले तर दिसले, बाकी नुसते डोळे. आणि तो माणूस, माणूस म्हणू या आपण, असं बोलतो की जणू आपण आधी इथे येऊन गेलोय आणि खूप दिवसांनी परत आलोय.

एक बटण बंद ठेवून एवढी भीती घालता येते. त्याच क्षणी मला कळलं की हे बनवणारा माणूस आपल्याला नीट ओळखून आहे.

बनवणारा म्हणजे डॅनियल मलिन्स, कॅनडातल्या व्हँकुव्हरचा. याआधी त्याने पोनी आयलंड आणि द हेक्स हे दोन गेम केले होते, आणि दोन्हींत गेम स्वतःच खेळणाऱ्याची खोड काढतो. इन्स्क्रिप्शनचं मूळ २०१८ मधलं. लुडम डेअर नावाची एक स्पर्धा असते, तिथे एक विषय देतात आणि दोन दिवसांत अख्खा गेम बनवायचा. त्या वेळचा विषय होता 'बळी द्यावेच लागतील'. मलिन्सने त्यावर एक छोटा पत्त्यांचा गेम केला, आणि तोच वाढवत वाढवत ऑक्टोबर २०२१ मध्ये इन्स्क्रिप्शन म्हणून आला. प्रकाशक डेव्हॉल्व्हर डिजिटल. संगीत जोना सेन्झेलचं, त्याबद्दल नंतर. २०२२ मध्ये आयजीएफचं मोठं बक्षीस आणि गेम डेव्हलपर्स चॉइसमधला वर्षाचा सर्वोत्तम गेम, दोन्ही मिळाली. झालं, बायोडेटा संपला.

आता गोष्ट अशी की तुम्ही एका लाकडी झोपडीत कोंडलेले आहात. समोरच्याचं नाव लेशी. तो पत्ते वाटतो, गोष्ट सांगतो, नकाशा पसरतो, त्यावर तुमची लाकडी बाहुली पुढे सरकवतो. जंगल, मग दलदल, मग बर्फ. प्रत्येक टप्प्यावर पत्त्यांची लढाई. हरलात तर... ते सांगतो.

मला हे सगळं बघून पहिल्यांदा काय आठवलं असेल? आमच्याकडे गणपतीतली रात्र. गुहागरकडे आमचं गाव. गणपती बसले की रात्री जागरणाला पत्ते. पडवीत चटई, मधोमध पान-सुपारीचं तबक, आणि लाईट नक्की जाणार. गेली की कंदील. कंदील मध्ये ठेवला की पत्ते दिसतात आणि माणसं दिसत नाहीत. समोर आबा बसलेले. माझे आजोबा. त्यांचे चष्म्याचे दोन काच तेवढे चमकायचे, बाकी सगळा अंधार. त्या अंधारातून आवाज यायचा, "टाक रे, हातात धरून काय लोणचं घालतोस काय त्याचं?"

आम्ही मेंढीकोट खेळायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चार जण, दोन-दोनच्या जोड्या, समोरासमोर बसायचं. चार दश्श्या असतात, त्या गोळा करायच्या. जास्त दश्श्या ज्यांच्याकडे, डाव त्यांचा. चारही गेल्या की कोट चढला, मग दिवसभर टोमणे खायचे. मी नेहमी आबांचा भिडू. आणि माझा रोग हा की हुकमाचा एक्का आला की मी तो शेवटपर्यंत दाबून ठेवायचो. योग्य वेळ येईल, योग्य वेळ येईल. वेळ यायची नाही. डाव संपायचा आणि एक्का हातात. त्यावरून ते लोणचं.

तो रोग इन्स्क्रिप्शनमध्ये दोन डावांत उघडा पडतो. कारण इथला मूळ नियमच असा आहे की पान फुकट येत नाही.

सोप्पं करून सांगतो. तुमच्यासमोर चार रकाने. प्रत्येक रकान्यात एक प्राणी ठेवता येतो. प्रत्येक पानावर दोन आकडे: किती जोरात मारतो आणि किती मार सोसतो. लांडगा ३ मारतो, २ सोसतो. अस्वल ४ मारतं, ६ सोसतं. प्राणी आपल्या नाकासमोरच मारतो. समोर कोणी असेल तर त्याला लागतं, कोणी नसेल तर थेट समोरच्या खेळाडूला. पण तिथे जीव मोजायचा आकडा नाही. तिथे तराजू आहे. जेवढा मार बसला तेवढे दात पारड्यात पडतात. खरे दात, खळ्ळ करून आवाज येतो. पारडं एका बाजूला पाचने झुकलं की डाव संपला. म्हणजे तुम्ही चार मार खाल्लेत आणि पुढच्या चालीत तीन दिलेत तर जीवात जीव येतो. दोरीखेचसारखं. मला हे फार आवडलं, कारण हरता हरता परत येणं यात सारखं घडतं.

आता किंमत. लांडगा टाकायचा तर दोन बळी. टेबलावर आधीच असलेले दोन प्राणी मारायचे, त्यांचं रक्त, मग लांडगा. आणि मारायला काय असतं? खारी. खारींची वेगळी गड्डी असते, फुकट मिळतात. दर चालीला ठरवायचं की आपल्या गड्डीतलं पान ओढायचं की एक खार. खार काही करत नाही. शून्य मारते, एक सोसते. ती मरायलाच येते. पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही खारींकडे खारी म्हणून बघणं बंद करता. 'दोन खारी पडल्यात, लांडगा बसेल,' एवढंच. हाडंही असतात, तुमचा एक प्राणी मेला की एक हाड मिळतं, काही पानं हाडांवर येतात. म्हणजे मरणसुद्धा वाया जात नाही. सगळं हिशेबात धरलेलं.

आणि मग एक पान बोलतं. सुरुवातीला तुमच्या हातात एक स्टोट असतो. आपल्याकडच्या मुंगसासारखा दिसतो, छोटासा. हा स्टोट बोलतो, तुमच्या खेळावर शेरे मारतो, चूक केलीत की नावं ठेवतो. आणि तुम्हाला त्याला मारावं लागतं. तो कुरकुर करतो आणि मरतो. पुढच्या डावात परत हातात येतो, आणि त्याला आठवत असतं! खारींचं काही वाटलं नव्हतं मला. तोंड असलेल्याला मारताना बोट थांबलं. गंमत म्हणून सांगतो, मी पहिल्या दिवशी त्याला वाचवायच्या नादात तीन डाव हरलो.

यात नशिबाचा भाग किती? वाटतो त्यापेक्षा कमी. लेशी पुढच्या चालीला काय टाकणार ते आधीच दिसतं, त्याची पानं मागच्या ओळीत येऊन थांबलेली असतात. त्यामुळे प्रत्येक चाल कोड्यासारखी होते. समोर काय येणार माहीत आहे, हातात काय आहे माहीत आहे, रक्त किती आहे माहीत आहे. आता सोडव. हरलात तर बहुतेक वेळा चूक तुमचीच निघते, आणि ती तुम्हाला दिसते. पत्ते वाईट आले म्हणून ओरडायची सोय फार नाही.

पण खरी कोडी टेबलावर नाहीत. लढाई चालू नसेल तेव्हा तुम्ही खुर्चीवरून उठू शकता. हे कळलं तेव्हा मी अक्षरशः 'अरे!' म्हणालो. इतका वेळ मला वाटत होतं की गेम म्हणजे टेबल. उठलं की झोपडी. भिंतीवर कुकूचं घड्याळ, कोपऱ्यात तिजोरी, कुलूपबंद कपाट, लांडग्याची मूर्ती. तिजोरीला आकडा पाहिजे. आकडा कुठे आहे ते मी सांगणार नाही, फक्त एवढं म्हणतो की नियमांची पुस्तिका आपण कोणी वाचत नाही आणि ती सवय इथे महागात पडते. खोलीत सापडलेली वस्तू टेबलावर पान होऊन येते, आणि टेबलावर मिळालेलं पान खोलीतलं कोडं सोडवायला लागतं. पत्ते आणि खोली एकमेकांत विणलेत. कोडी फार अवघड नाहीत. एका ठिकाणी मी अर्धा तास अडकलो आणि मोबाईलवर उत्तर शोधलं. लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू.

आता हॉरर. बघा, यात किंचाळत अंगावर येणारं भूत वगैरे नाही. रक्ताचे पाट नाहीत. हॉरर आहे तो त्या माणसाच्या वागण्यात. तो दुष्ट नाही. तो रंगात आलेला आहे! त्याला खेळायचंय, गोष्ट सांगायचीये, आणि त्याला ऐकायला कोणीतरी पाहिजे. म्हणून तो तुम्हाला सोडत नाही. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी मोठी लढाई असते, तेव्हा तो लाकडी मुखवटा चढवतो. एकदा सोनं शोधणारा होतो आणि तुमच्या प्राण्यांचे सोन्याचे दगड करतो. एकदा कोळी होतो आणि गळ टाकून तुमचा प्राणी स्वतःकडे ओढतो. एकदा फासेपारधी. आवाज बदलतो, बोलणं बदलतं. तुम्हाला माहीत असतं की हा तोच आहे.

शिमग्यात आमच्याकडे खेळे येतात, त्यात संकासुर असतो. काळे कपडे, तोंड झाकलेलं. लहानपणी मला पक्कं माहीत होतं की आत शेजारचे काका आहेत. सकाळीच त्यांनी आमच्या विहिरीवर पाणी भरलेलं असायचं. तरी संकासुर अंगणात आला की मी आजीच्या मागे. लेशीचा मुखवटा बघताना पोटात तेच झालं. ओळखीचा माणूस वेगळ्या आवाजात बोलायला लागला की जी भीती वाटते, तिला परक्या भुताची सर नाही.

हां, एक सूचना. दातांची भीती असेल तर जपून. तुम्हाला एक पक्कड मिळते. पारडं जडच होत नसेल तर स्वतःचा एक दात उपटून त्यात टाकायचा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा माझी जीभ आपोआप दाढेवर गेली. पुढे एक सुराही मिळतो. त्याबद्दल मी गप्प बसतो. आणि सेन्झेलचं संगीत, म्हटलं होतं सांगेन, ते टेबलाखालून आल्यासारखं वाजत राहतं. ऐकू येतंय हे कळतच नाही, थांबलं की कळतं. हेडफोन यासाठीच.

आता हरल्यावर काय होतं ते. टेबलावर दोन मेणबत्त्या. एक लढाई हरलात, एक विझली. दुसरीही विझली की लेशी तुम्हाला उठवून मागे नेतो, कॅमेरा काढतो आणि तुमचा फोटो घेतो. मेलात. पण मरण्याआधी तुमचं पान बनतं. तुमच्या गड्डीतल्या एका पानाची किंमत, दुसऱ्याची ताकद, तिसऱ्याचा गुण, आणि मग नाव. नाव तुम्ही टाईप करायचं. पुढच्या वेळी खेळायला बसलात की ते पान जंगलात कुठेतरी तुम्हाला भेटू शकतं.

माझं पहिलं पान झालं तेव्हा नशीब फळफळलं. किंमत फक्त एक बळी, ताकद अस्वलाची, म्हणजे ४ आणि ६, आणि गुण मांजराचा. मांजराचा गुण असा की त्याचा बळी दिला तरी ते मरत नाही. रक्त मिळतं, पान टेबलावर तसंच. म्हणजे कापा, पुन्हा कापा, ते उभंच. भन्नाट पान! नावाचा रकाना समोर आला, कर्सर लुकलुकतोय, आणि मी विचार न करता इंग्रजी अक्षरांत 'आबा' टाईप केलं.

आबा गेल्या फेब्रुवारीत गेले.

त्याच्या आधीच्या गणपतीला मी गावी गेलो नव्हतो. ऑफिसात रिलीज होतं. सुट्टी मागितली असती तर कदाचित मिळालीही असती, मी मागितलीच नाही. हे मी पहिल्यांदाच असं माईकसमोर म्हणतोय. दुसऱ्या रात्री त्यांचा फोन आला. मागे भजनाचा आवाज. म्हणाले, "चौथा भिडू नाही रे. तिघांत रमी खेळतोय. रमीत काय, रमीत भिडूच नसतो." मी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की आबा. तेही म्हणाले, "हो हो, पुढच्या वर्षी," आणि पत्ते पिसायचा आवाज आला, आणि फोन काकाकडे दिला.

असो. तर पुढच्या डावात, जंगलात, तीन पानांतून एक निवडायचं होतं आणि त्यातलं एक 'आबा'. घेतलंच मी. आणि काय खेळले आबा! प्रत्येक चालीला मी त्यांचा बळी देऊन लांडगे आणतोय, आणि ते तसेच. सोनेवाला गेला, कोळी गेला. मी एकटा खोलीत बसून हसत होतो.

मग शेकोटी आली. नकाशावर शेकोट्या असतात. तिथे काही उपाशी माणसं बसलेली. तुम्ही एक प्राणी शेकोटीजवळ ठेवता, तो शेकून जरा बळकट होतो. एकदा शेकलं, चालतं. पुन्हा शेकायचं का असं विचारतात. पुन्हा शेकलं तर आणखी बळकट, पण ती उपाशी माणसं त्याला खाऊ शकतात. मला एकदा पुरलं असतं. शब्द देतो, पुरलं असतं. पण मला वाटलं, आणखी थोडं. ज्या माणसाने आयुष्यात हुकमाचा एक्का वेळेवर टाकला नाही तो इथे नेमका जुगार खेळायला गेला.

खाल्लं त्यांनी आबांना.

मी हसलो आधी. खरंच हसलो, कारण मनात पहिलं वाक्य हेच आलं की घातलं एकदाचं लोणचं. मग लॅपटॉप बंद केला. रात्रीचे दीड वाजले होते. रूममेट झोपलेला. मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो, आणि सकाळी आईला फोन केला. तिला वाटलं पैसे पाहिजेत.

मी हे रडवायला सांगत नाहीये. सांगतो अशासाठी की रिव्ह्यूंमध्ये 'या गेममध्ये पानांशी नातं जडतं' असं लिहितात, आणि ते कसं जडतं हे कोणी सांगत नाही. गेम फक्त एक रिकामा रकाना देतो. नाव तुम्ही लिहिता. त्यात जे घालाल ते परत तुमच्यावरच येतं.

बरं. इथून पुढे स्पॉयलर. खेळायचा असेल तर इथेच थांबवा आणि एपिसोड सेव्ह करून ठेवा. तीन, दोन, एक.

लेशीला हरवलंत की गेम संपत नाही, तो बदलतो. कळतं की हे सगळं एका जुन्या फ्लॉपीवर होतं, आणि ती फ्लॉपी ल्यूक कार्डर नावाच्या एका यूट्यूबरला सापडलीये. तो पत्त्यांची पाकिटं फोडायचे व्हिडिओ करणारा माणूस. खऱ्या नटाचे, हातात कॅमेरा धरून काढलेले व्हिडिओ मध्ये मध्ये येतात. म्हणजे तो सुरुवातीचा 'कंटिन्यू' आठवतो का? तो डाव त्याचा होता.

दुसरा भाग जुन्या गेमबॉयसारखा, वरून दिसणारा, ठोकळ्याठोकळ्यांचा. पत्ते बनवणारे चार उस्ताद: प्राण्यांचा लेशी, मेलेल्यांची ग्रिमोरा, यंत्रांचा पी-झिरो-थ्री आणि जादूचा मॅग्निफिकस. रक्त, हाडं, वीज, रत्नं असे चार प्रकारचे पत्ते. ऐकायला श्रीमंत वाटतं, पण मला इथे कंटाळा आला. स्पष्ट बोलतो. रत्नांचे पत्ते मी धड शिकलोच नाही, कारण शिकायची गरज पडेपर्यंत भाग संपतो. झोपडीतली भीती गेलेली असते आणि तिच्या जागी नुसती हुशारी येते. काही लोकांना हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. त्यांना माझा नमस्कार.

तिसऱ्या भागात यंत्रमानव पी-झिरो-थ्री टेबलावर येतो, आणि त्याचं बोलणं म्हणजे आपल्या ऑफिसातला तो एक जण, ज्याला गोष्टीबिष्टी फालतू वाटतात, आकडे सांगा म्हणतो. इथे वीज वापरून पत्ते टाकायचे, दर चालीला वीज एकने वाढते. बळी नाही, रक्त नाही. किती स्वच्छ! आणि म्हणूनच लेशीची आठवण येते. ज्या माणसाने माझा दात काढायला लावला त्याची मला आठवण येत होती, विचार करा.

याच भागात एक लढाई आहे जिच्यासाठी मी हा एपिसोड केला. समोरचा म्हणतो, तुझ्या कॉम्प्युटरवरची एक फाईल निवड. खरी फाईल. तुमची खरी ड्राइव्ह उघडते, फोल्डर दिसतात. जेवढी मोठी फाईल तेवढं ताकदवान पान. आणि मग तो सांगतो की हे पान मेलं तर ती फाईल डिलीट होईल.

माझ्या लॅपटॉपवरची सगळ्यात मोठी फाईल कोणती होती माहितीये? २०१६ च्या गणपतीचा व्हिडिओ. चाळीस मिनिटांचा. चुलतभावाने मोबाईल तबकाला टेकवून ठेवला आणि बंद करायला विसरला. त्यात काही होत नाही. चार जण मेंढीकोट खेळतायत. आबांचा अर्धा चेहरा दिसतो आणि आवाज पूर्ण येतो. तीन वेळा ते माझ्यावर ओरडतात.

कर्सर त्या फाईलवर होता. मला माहीत होतं की हा गेम आहे. कुठलाही शहाणा माणूस लोकांच्या फाईली खरंच डिलीट करणारा गेम विकणार नाही. माहीत होतं. संकासुराच्या आत काका आहेत हेही माहीत होतं. मी गेम तसाच सोडला, उठलो, पेन ड्राइव्ह शोधला, व्हिडिओ कॉपी केला, मग रूममेटचा पेन ड्राइव्ह मागितला, त्याच्यावरही कॉपी केला. मग परत बसलो आणि तरीही तो व्हिडिओ निवडला नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टची पीडीएफ निवडली. एवढीशी फाईल, फुसकं पान, दोन चालींत मेलं. नंतर तपासलं, पीडीएफ जागच्या जागी. काही डिलीट होत नाही, घाबरू नका. मी आधी शोधून बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पण ते न शोधता बसलेली ती दहा मिनिटं, अख्ख्या गेममध्ये मी सगळ्यात जास्त घाबरलेलो होतो तेव्हा. समोर भूत नव्हतं. माझाच डेस्कटॉप होता.

शेवट सांगत नाही. स्पॉयलरमध्येसुद्धा नाही. फक्त एवढंच, की शेवटी पुन्हा टेबल येतं, आणि समोरच्याला डाव संपवायचा नसतो. माझ्यासाठी पहिली झोपडी आणि ते शेवटचं टेबल, यासाठी अख्खा गेम माफ आहे.

स्पॉयलर संपले, परत आलात का? या.

तर घ्यावा का? पत्ते आवडत असतील आणि हरायची चीड येत नसेल तर घ्या. मी सेलमध्ये घेतला, थांबायची तयारी असेल तर तुम्हीही तसंच करा. मी लॅपटॉपवर खेळलो, प्लेस्टेशन, स्विच आणि एक्सबॉक्सवरही आहे. पण फाईलवाली ती मजा कॉम्प्युटरवरच खरी, म्हणून जमलं तर तिथेच. वाचायला बरंच असतं, आणि लेशी नुसता घुरघुरतो, बोलणं सगळं अक्षरांत. घाईत खेळाल तर अर्धी गोष्ट हुकेल. लहान भावंडं बाजूला असतील तर नको, दातांचं प्रकरण त्यांच्या स्वप्नात येईल. आणि ज्यांना माझ्यासारखी फक्त झोपडीच हवी आहे त्यांच्यासाठी केसीज मॉड नावाची फुकट भर २०२२ मध्ये आली, कॉम्प्युटरवर तर आहेच. त्यात गोष्ट जवळपास नाही, नुसते लेशीबरोबर डाव, एकेक अट वाढवत अवघड करत जायचे. मी अजून रोज झोपण्याआधी एक खेळतो. आता स्टोटला पहिल्याच चालीत मारतो. शिव्या घालतो तो.

यंदाच्या गणपतीची सुट्टी मी जूनमध्येच टाकलीये, मेल आलाय मंजुरीचा. काका म्हणाला, तू आबांच्या जागेवर बस, भिडू म्हणून चुलतभावाची मुलगी घेऊ, ती आठ वर्षांची आहे आणि तिला एक्के दाबून ठेवायची सवय आहे.

पुढच्या एपिसोडला मायक्रोफोन बदललेला असेल, हा खरखरतोय. तुमच्या डेथ कार्डला तुम्ही काय नाव दिलंत ते मला व्हॉईस नोट करून पाठवा. चला, बाय.